गडावरचं पाणी आणि आमचा कूलर

इतिहास वाचून माणूस शहाणा होतो, असं कोणी म्हटलं की मला रामदासपेठेतल्या आमच्या घरातला कूलर आठवतो. मे महिन्याच्या दुपारी त्याच्यापुढे बसून बाबा काकांना इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवत. एकदा त्या पुस्तकात वेढ्यातला एक गड पडला, कारण पाणी भरून ठेवायचं काम दोन सरदारांनी एकमेकांवर ढकललं होतं.

बाबा भडकले, "इतकं साधं काम काहून नाही केलं गा यांनी?"

"मी असतो तर पहिले पाणीच भरलं असतं!" काका गरजले.

तेवढ्यात कूलर गरम हवा फेकू लागला. टाकी कोरडी! दोघांनी एकमेकांकडे रागानं पाहिलं.

आईनं दारातून रिकामी बादली आत सरकवली. "सरदारहो, हाही गड पडून राहिला."

बादली कोणी उचलायची याचा तह होईस्तोवर संध्याकाळ झाली.