न लावलेली कडी

दादाचा फोन आला तेव्हा मी वारज्याच्या पुलाखाली पाणीटंचाईची पत्रकं वाटत होते. "प्राची गेली," एवढंच म्हणाला. प्राची, माझी वहिनी. आठ दिवसांचा ताप, वय चौतीस... घरी पोचले तर आमचा लाल्या तिच्या खोलीच्या दाराला नाक लावून पडला होता. मी रस्त्यावरून उचलून आणलेला, बाटलीने दूध पाजून वाढवलेला माझा कुत्रा. मी हाक मारली, त्याने शेपूटसुद्धा हलवलं नाही. सहा आठवडे झाले. आज लिहायला बसलेच आहे तर खरं तेच लिहिते. त्या क्षणी मला रडू येण्याआधी वहिनीचा हेवा वाटला.

हा हेवा जुना. वहिनी अमरावतीची, हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायची. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती दोन बॅगा आणि एक पिंजरा घेऊन. पिंजऱ्यात बबन, राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, कॉकाटील जातीचा छोटा पोपट. घरात लाल्या आणि ठमी मांजर आधीपासूनच होती, दोघंही माझीच. मी आमच्या वडिलांच्या, आबांच्या, चळवळीच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली मुलगी. पहिल्याच दिवशी सुनावलं, "वहिनी, पिंजरा म्हणजे तुरुंग. सोडून दे त्याला." ती शांतपणे दाण्याची वाटी भरत म्हणाली, "मुक्ता, हा पिंजऱ्यातच जन्मला. सोडला तर संध्याकाळपर्यंत कावळे त्याला संपवतील. तुमच्या पत्रकांत कावळे नसतात काय?" या बोलण्याचा राग मी बरेच महिने जपला.

तिची पद्धत सावकाशीची होती. सुरुवातीचे काही आठवडे बबनच्या खोलीचं दार बंदच. मग लाल्याला पट्ट्याने धरून समोरच्या भिंतीपाशी बसवायचं, आणि पाखरावरची नजर काढून त्याने तिच्याकडे पाहिलं की पोळीचा तुकडा द्यायचा. रोज दहा मिनिटं, न कंटाळता. तीन-चार महिन्यांत बबन खोलीभर उडायचा आणि लाल्या उंबऱ्यावर जांभया द्यायचा. तरी पट्टा तिच्या हातातच. ठमीला मात्र अशी संधी कधीच मिळाली नाही. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात, बाहेरून कडी, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि मगच बबन अर्धा तास मोकळा. "ठमी किती प्रेमळ आहे गं," मी म्हणायचे. "आहेच की," वहिनी म्हणायची, "आणि मांजरपण आहे." आमच्या पाच जणांच्या संघटनेत तोवर दोनदा फूट पडली होती. हिने मात्र अडीच खोल्यांत कुत्रा, मांजर आणि पाखरू नांदवलं. माझा कुत्रा तिच्या शब्दावर बसायचा, माझं मांजर तिची पावलं ओळखायचं, आणि बबन तिच्या खांद्यावर बसून कानातलं ओढायचा. मी दारात उभी राहून नुसती जळायचे.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी वहिनी ऑफिसात असताना मी पिंजऱ्याची कडी काढली. स्वातंत्र्य वगैरे मी मनाला सांगितलं, पण मला हवं होतं ते एवढंच की बबनने माझ्या खांद्यावर बसावं. ठमी तिथेच पलंगावर झोपली होती. तिला मी हलवलं नाही. माझं मांजर असं काही करणारच नाही, हा माझा तोरा. बबन बाहेर पडला, पडद्याला धडकला, खाली आला... ठमीला एक उडी पुरली. मी ओरडून तिला हाकललं, बबनला आत ठेवलं. पंखाखाली सुईने ओढावी एवढीच लाल रेघ होती. मी आईला म्हणाले, कडी उघडी दिसली.

वहिनी आली आणि ती रेघ पाहून पर्ससुद्धा न ठेवता निघाली. "मांजराचा ओरखडा लहान असला तरी पाखरू त्याने मरतं, आजच औषध जायला हवं," म्हणत त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून रिक्षाने डॉक्टरकडे गेली. बबन वाचला. रात्रीच्या जेवणाला आईने विचारलं, "कडी उघडी राहिली कशी?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. थांबली. मी ताटात पाहत राहिले. मग वहिनीच म्हणाली, "माझ्याकडूनच राहिली असेल, आई. सकाळी बसची घाई होती."

पुढे आईचं चालूच. पाहुणे आले की, "आमच्या सूनबाई मोठ्या कंपन्यांच्या चुका शोधतात हो, घरची कडी तेवढी दिसत नाही." वहिनी हसायची. आणि चौकात उभी राहून अधिकाऱ्यांना 'चूक कबूल करा' म्हणून दरडावणारी मी तिथेच बसून पोहे खायचे. तिच्या त्या हसण्याचाही मला हेवा वाटायचा. असं मोठं मन माझं नव्हतं, आणि समोर रोज ते बघावं लागत होतं.

गेल्या रविवारी मामी भेटायला आल्या. आई डोळे पुसत म्हणाली, "फार काळजीची होती हो. एकदाच काय ती कडी विसरली..."

"विसरली नव्हती," मी म्हणाले. "मी उघडली होती."

दादाने मानही वर केली नाही. "ठाऊक आहे. त्याच दिवशी प्राचीने सांगितलं मला. म्हणाली, तू बोलू नकोस, मुक्ता स्वतःच सांगेल."

म्हणजे तीन वर्षं ती वाट पाहत होती. आणि ती दोघंच हे जाणून होती, ह्याचंही मला क्षणभर वाईट वाटलं. इतकी मी हलकी... आईने डोळे पुसणं थांबवलं. मग म्हणाली, "मी तिला बोलत होते, आणि तू ऐकत होतीस."

संध्याकाळचा अर्धा तास आता माझ्याकडे आहे. ठमी स्वयंपाकघरात, कडी दोनदा पाहते, पंखा बंद करते. बबन बाहेर येतो आणि वहिनीच्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसतो, दाराकडे तोंड करून. बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की ताठ होतो, तुरा उभारतो, ती घालायची तशी शीळ घालतो आणि ऐकत राहतो. मला तिला जे सांगायचं होतं ते सांगायला आता उशीर झाला आहे. त्याला मात्र कुणी काही सांगितलेलं नाही. पूर्वी त्याच्यावरून मला तिचा हेवा वाटायचा. आता त्याचाच वाटतो... तो अजून तिची वाट पाहू शकतो.