बिनगुठळीचा घोळ

भोरच्या हलिमामावशी कापूरहोळजवळच्या एका कारखान्यात अकरा वर्षं सिरॅमिकची पांढरी भुकटी पाण्यात कालवत होत्या. तो घोळ साच्यात ओतून, वाळवून भट्टीत भाजला की पंपाच्या कड्या तयार होत. पण दहातल्या तीन-चार कड्या चाचणीतच तडकायच्या आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं.

मावशींना सापडलं. पाण्यात आधी थोडं आम्ल घालून मग भुकटी हळूहळू सोडली, की कण एकमेकांना चिकटत नाहीत, गुठळी राहत नाही आणि कडी तडकत नाही. त्यांनी नव्या इंजिनिअरला, इंद्रजितला, बोलावून हे दाखवलं. महिनाभर तो त्यांच्या शेजारी उभा राहून वहीत लिहून घेत होता. ईदला घरी येऊन शिरखुर्माही खाऊन गेला. "मावशी, तुमचं नाव मोठ्या साहेबांपर्यंत पोचवतो," म्हणाला.

कड्या तडकायच्या थांबल्या, म्हणून कारखान्याने सत्कार ठेवला; त्या दिवशी पडद्यावर मावशींचीच रीत दिसली, नाव मात्र एकट्या इंद्रजितचं. मावशी सगळ्यांसमोर उठल्या. "सायेब, ह्ये म्या दावलं न्हवतं का तुमाला?"

तो हसून म्हणाला, "मावशींनी ढवळायला खूप मदत केली."

लोकांनी मावशींसाठी टाळ्या वाजवल्या. त्या त्यांना थपडेसारख्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पॅकिंगचं काम मागून घेतलं. इंद्रजित समजूत घालायला आला, तेव्हा त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. "माजं नाव घ्याया तुमची जीब कुठं अडली, त्येवडं सांगा," त्या म्हणाल्या.

इंद्रजित घड्याळ बघत परत फिरला. मावशी अजून पॅकिंगलाच आहेत.