नाल्याची रेघ

अंकिता घरतसमोर 'जरा ॲडजस्ट करून घे' हे चार शब्द काढायचे नाहीत, हे नवीन पनवेलच्या त्या सर्व्हे ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. चौतीस वर्षांची ही बाई नाकावर माशी बसू देत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा, नऊ वर्षांची नोकरी. लग्न मोडल्यावर रोडपालीला आईकडे परत आली, तीही कुणाला खुलासे न देता. तिचं काम म्हणजे जमिनीवरचे हजारो बिंदू मोजायचे, त्यांच्या उंच्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि त्यातून त्या जमिनीचा हुबेहूब चढउतार उभा करायचा. ऑफिसात त्याला सगळे सरफेस म्हणतात. रस्ते-गटारं आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती हा सरफेस तयार करते आणि तिथून तो इमारत आखणाऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. दोन्हीकडे जमीन एकच दिसायला हवी. नाहीतर कागदावरची इमारत उभी राहते भलत्याच मातीवर.

यंदाच्या वैशाखात तिच्याकडे एका शाळेच्या प्लॉटचं काम आलं. प्लॉट तिच्याच गावाच्या खालच्या अंगाला, खाडीकडे. गावातून निघून प्लॉटच्या मधून थेट बांधापर्यंत एक खोलगट पट्टा जातो. दोन मीटर रुंद, मांडीभर खोल. वर्षाचे आठ महिने तो कोरडा असतो आणि सगळं गाव त्यातूनच बांधावर ये-जा करतं, म्हणून त्याचं नाव बांधाची वाट. उरलेले चार महिने त्यातून गावचं पावसाचं पाणी खाडीला जातं, पण तेवढ्यासाठी नाव कोण बदलतो? अंकिता त्या वाटेनं चालतच लहानाची मोठी झाली. मोजणीची काठी घेऊन ती त्यातून गेली तेव्हा हातातल्या यंत्रावर तिनं सवयीनं त्या बिंदूंचा प्रकार निवडला : पायवाट.

इथंच घात झाला. सॉफ्टवेअर तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोण करतं आणि त्या त्रिकोणांचीच जमीन होते. नाला किंवा बांध असेल तर त्याची रेघ आखून बजावावं लागतं, की बाबा, ही ओलांडू नकोस. पायवाटांना मात्र या ऑफिसात सरफेसमध्ये घेतच नाहीत. त्या इमारतवाले आपल्या सोयीनं नव्या आखतात, म्हणून वेगळ्या पाठवायच्या असा इथला शिरस्ता. त्रिकोण या काठावरून त्या काठावर खुशाल उडी मारून गेले आणि मधला नाला गडप झाला. अंकितानं सरफेस नेहमीसारखा दोन्ही ऑफिसांच्या सामायिक जागेत ठेवला. आर्किटेक्ट राजसनं तो आपल्या मॉडेलला जोडला आणि वर चार मजली शाळा चढवली.

आराखडे मंजुरीला जायच्या आठवड्यात बैठक झाली. भिंतीवरच्या पडद्यावर राजस शाळा फिरवून दाखवत होता. हिरवीगार सपाट जमीन, फाटक, आणि फाटकातून तळघरातल्या पार्किंगला उतरणारा रॅम्प. अंकिता ताडकन उठली. रॅम्प नेमका बांधाच्या वाटेत उतरत होता.

"नाला कुठं घालवलास?" ती सगळ्यांदेखत कडाडली.

राजस शांत मुलगा. त्यानं तिचीच फाइल उघडून दाखवली. "मॅडम, तुमच्या सरफेसमध्ये नालाच नाहीये. पायवाट आहे, ती मी कंपाउंडच्या कडेनं फिरवून दिलीय."

तोंडात मारल्यासारखी ती खाली बसली. परक्या गावचा कुणी मोजायला गेला असता तर त्यानं तो खड्डा पाहून मुकाट नाला लिहिलं असतं. चूक करायला घरचीच बाई लागली!

घरी आल्यावर तिनं आईला, गुणाबाईंना, सगळं सांगितलं. तरुणपणी मिठागरात राबलेल्या गुणाबाई सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवला.

"आमी वाटच म्हनतो गो तिला. तुजं काय चुकलं? पन तो नाला बुजवला तं पानी जायाचं खय? भरती आली का उघाडी मिटते. ओहोटी लागंपर्यंत चार तास पानी त्या नाल्यानच उभं रहातं. तो नाय तं आपले घरान येनार."

उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं. अंकिताला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण आईच्या तोंडून ऐकलं आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिना. नाल्याच्या वरच्या अंगाला गावची साठ घरं होती आणि त्यात एक तिचं. ती सगळी पाण्यात जाणार होती, तिनं एका बटणावर ठेवलेल्या बोटामुळे. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटी काठी घेऊन गेली. दोन्ही काठ, मधला तळ, आणि उघाडीजवळचा गुडघाभर चिखल, सगळं पुन्हा मोजलं. अकरापर्यंत ऑफिसात येऊन तिनं नाल्याची रेघ आखली. त्रिकोण निमूट बाजूला झाले आणि पडद्यावरच्या जमिनीला खोल चीर पडली.

तिचे साहेब काशिराम मागे उभे राहून पाहत होते. पनवेलच्याच जमीनदार घरातले, स्वभावानं वाईट नव्हेत, पण घाबरट.

"ही फाइल पाठवू नकोस. शुक्रवारी आराखडे जातायत. आपण चुकलो असं आपणच सांगायचं? त्यापेक्षा राजसला सांग, रॅम्पखालून एक पाइप टाक म्हणावं. जरा ॲडजस्ट..."

"साहेब, ते तर बोलूच नका," अंकिता म्हणाली. "भरतीत चार तास पाणी नाल्यात मावतं, कारण नाला तेवढा रुंद आहे. पाइपात ते मावणार कुठं? आमच्या ओट्यांवर?"

"आणि तुझ्या हातचा सर्व्हे मी काय म्हणून बदलायचा?"

"माझ्या हातचा होता आणि चुकला म्हणून."

काशिराम केबिनमध्ये निघून गेले. तिनं क्षणभर दाराकडे पाहिलं आणि सुधारलेला सरफेस सामायिक जागेत चढवला. मग राजसला, काशिरामना आणि शाळेच्या ट्रस्टच्या इंजिनिअरला एकच मेल लिहिली. तिनं लिहिलं, की प्लॉटमधून गावचा पावसाळी नाला जातो, मी तो पायवाट म्हणून नोंदवला ही चूक माझी, जुन्या सरफेसवर काढलेल्या एकाही कागदावर मी सही करणार नाही. आडपडदा नाही, माफीची लांबण नाही.

दहा मिनिटांत राजसचा फोन. त्याचा आवाज चढला होता. "मॅडम, तुम्ही काय केलंय? मी मॉडेल उघडलं तर रॅम्प हवेत लटकतोय! एक्केचाळीस शीट्स आहेत माझ्या. मी तुमची लिंक तोडतो आणि जुनाच सरफेस ठेवतो."

"तोड. तुझ्या मॉडेलमधली जमीन तुझ्या हातात आहे. पण मग सर्व्हेवर सहीही तूच कर. आणि करण्याआधी एकदा माझ्याबरोबर नाल्यात उतरून ये."

तो आला, हे त्याचं मोठेपण. दुपारच्या उन्हात, पांढऱ्या बुटांनी. अंकितानं त्याला तळात उभं केलं, तेव्हा काठ त्याच्या मांडीशी आले. उघाडीची लाकडी फळी भरतीनं घट्ट मिटली होती आणि पलीकडे खाडीचं पाणी तिच्यावर रेटा देत होतं. गावाकडे तोंड करून त्यानं पाहिलं, तर नाला थेट घरांच्या ओळीपाशी जाऊन भिडत होता.

"पूर्वेकडून रॅम्प बसतो," तो म्हणाला. "फाटक हलवावं लागेल. तीन आठवडे जातील."

"जाऊ देत," अंकिता म्हणाली.

ट्रस्टवाले चिडले, काशिरामना दोनदा बोलावून झापलं, आणि काशिराम अंकिताशी कामापुरतंही बोलेनासे झाले. ऑफिसात कुजबुज होती की तिचं आता काही खरं नाही. तिनं डबा खाणं सोडलं नाही, खाली मान घालून चालणंही सुरू केलं नाही. शाळेचं काम तिच्याकडून काढून ऑफिसातल्या नव्या सर्व्हेअरला, बाळूला दिलं, तेव्हा तिनं सगळ्या फाइली त्याला समजावून दिल्या आणि नाल्याची रेघ आली तिथं त्याला दोनदा थांबवलं.

तीन आठवड्यांनी नवे आराखडे छापून आले. काशिरामनी पहिला कागद तिच्या टेबलावर टाकला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. अंकितानं आधी नाला शोधला. गावाच्या टोकापासून बांधापर्यंत निळी रेघ सलग होती, वर लिहिलं होतं : पावसाळी नाला, भराव करू नये. मग तिची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. सर्व्हे करणाऱ्याच्या जागी बाळूचं नाव होतं. चिखलात गुडघाभर रुतून केलेली मोजणी तिची, नाव बाळूचं. तिला आतून कळ आली, ती चेहऱ्यावर दिसलीही असेल.

"काय बोलायचंय का?" काशिरामनी विचारलं.

"हो," ती उभी राहत म्हणाली. "नाव बाळूचं राहू द्या, साहेब. पण उद्या ही रेघ पुसायला कुणी आलं, तर त्याच्यासमोर बाळूला उभं करू नका. मला बोलवा."