फुलवंताबाईंचा प्रश्न

वर्गात खुणांची भाषा शिकवताना बाहेरून मोहफुलांचा वास आला आणि दरेकसा गावातलं ते अंगण आठवलं.

मी ही भाषा शिकत होते तेव्हा दुभाषी होण्याच्या सरावासाठी आमच्या मॅडमनी मला फुलवंताबाईंकडे नेलं होतं. त्या जन्मापासून बहिऱ्या, पुढे दृष्टीही गेलेली. बहिऱ्या नवऱ्याच्या खुणा त्या त्याचे हात चाचपून ओळखत. घरात इतर कुणाला ती भाषा येत नव्हती.

माझे हात धरून त्यांनी विचारलं, "नवरा कधी येणार?"

मी तो प्रश्न त्यांच्या दिराला बोलून सांगितला.

"तो तं दवाखान्यातच मेला, वर्ष झालं. हिले कसं सांगाव?"



"सांग," मॅडम म्हणाल्या.

मी सांगितलं. फुलवंताबाई खूप रडल्या. मग त्यांनी खूण केली, "मला वाटलं, मला टाकून गेला."