औषधांच्या पुस्तकाला दहापैकी सात

“हातात पेन नसेल तर मला वाचल्यासारखंच वाटत नाही!” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणून माझ्या परीक्षेच्या पुस्तकात लिहायचं, आई? तेही शाईनं?”

“लिहिलं कुठे? शेरे दिलेत.”

विटेएवढा जाड औषधांचा संदर्भग्रंथ जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. सून कित्येक वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होती. गल्लीत तिला ‘गोळीवाली’च म्हणत. दर वेळी दुसऱ्याच्या सहीसाठी थांबायचा तिला कंटाळा आला होता. स्वतःचा परवाना हवा तर ही परीक्षा पास व्हायला हवी. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येतं, पण उत्तर वेळेत सापडलं पाहिजे. रंगाच्या खुणा चालतात, पानांना चिकटपट्ट्या चालतात. हातानं लिहिलेला एक शब्द दिसला, की पुस्तक दारातच काढून घेतात आणि केंद्रातली कोरी प्रत हातात देतात.

तिनं महिनोन्‌महिने खपून पानं रंगवली होती. मुलांचे डोस पिवळे, गरोदर बायकांसाठीचे इशारे गुलाबी, एकमेकांशी न पटणारी औषधं हिरवी. “हिरव्यात आपलं पान कुठलं गं?” असं नवरा अधूनमधून विचारायचा.

सासूबाई निवृत्त शिक्षिका. दुपारी पुस्तक चाळायला घेतलं आणि हात सवयीनं चालला. रक्तदाबाच्या गोळीशेजारी ‘खोकला येतो हे खरे. अनुभव आहे.’ झोपेच्या औषधापाशी ‘मुद्दा अस्पष्ट.’ यकृताच्या प्रकरणाखाली तर चक्क दहापैकी सात.

“सातच का?” नवऱ्यानं विचारलं.

“पाल्हाळ फार.”

नवरा फिस्सकन हसला आणि बायकोकडे पाहून सावरला. मग म्हणाला, “ती पानं फाडून टाकू.”

“आणि प्रश्न नेमका यकृतावर आला म्हणजे? अहो, परवा परीक्षा आहे! आता केंद्रातली कोरी प्रत. तिच्यात मला काय कपाळ सापडणार?”

सासूबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी पुस्तक मिटून तिच्यापुढे सरकवलं.

“पट्ट्यांकडे बघायचं नाही. दम्याचं औषध, तान्ह्या बाळाला किती?”

“आई, आत्ता नको.”

“काढ म्हणते ना.”

तिनं वैतागून अंगठा घातला. नेमकं पान दोनच पानांनी हुकलं होतं.

“किडनी अधू असलेल्याला कुठलं अँटिबायोटिक जपून द्यायचं?”

सापडलं.

“संधिवात?”

हे मात्र काही केल्या सापडेना. ती पानांमागून पानं उलटत राहिली.

“सूची कशाला दिलीय मागे? अंदाज चुकला की सरळ तिकडे जायचं,” सासूबाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या.

सुनेनं सूची उघडली, पान काढलं, डोस वाचून दाखवला. एव्हाना तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. रंगवता रंगवता अख्खं पुस्तक बोटांत उतरलंय, हे तिला आत्ताच कळत होतं.

ती उठली.

“मी कोरीच प्रत घेणार आहे. उद्या रजा टाकते. आई दिवसभर प्रश्न विचारतील आणि स्वयंपाक तुम्ही करायचा.”