वाळक्या फांदीवरचा होला

माझ्या वोयकामावशीला गावानं जिवंतपणीच पाखरू करून टाकलं. का, तर एका पोथीत तसं लिहिलं होतं म्हणून.

मावशीचा नवरा राजाच्या लढाईत मेला, तेव्हा तिचा लग्नातला डोईचा रुमालसुद्धा अजून विटला नव्हता. पदरी मूल नाही. सासऱ्यानं, बेर्कोनं, तिला घरात ठेवून घेतलं ते काही मायेनं नव्हे. दोन बैलांचं काम एकटी ओढणारी सून कोण सोडील? नांगर तिनं धरायचा, जवाची भाकरी तिनं भाजायची आणि म्हाताऱ्याचे पायही तिनंच चेपायचे.

मग नदीपलीकडच्या ग्राद्कोनं तिला मागणी घातली. तो मधमाश्या पाळायचा. जरा तोतरा होता, पण मावशीशी बोलताना अडखळत नसे. मावशीनं लाजणं-मुरडणं काही केलं नाही. माझ्या आईला सरळ म्हणाली, "ताई, मला जायचंय त्याच्याबरोबर. या घरात मी मरेन गं."

बेर्को धावत गेला तो पाद्रीबाबांकडे, द्रागोताबाबांकडे. त्यांच्यापाशी प्राण्यांची पोथी होती. सिंह, लांडगा, साप, एकेक प्राणी आणि त्यातून माणसानं घ्यायचा धडा. त्या रविवारी प्रार्थना संपल्यावर बाबांनी होल्याचं पान काढलं.

"होल्याची मादी बघा. जोडीदार मेला की दुसऱ्याकडे मान वळवत नाही. हिरव्या फांदीवर बसत नाही, वाळकी शोधते. नितळ पाणी पीत नाही, आधी पायानं गढूळ करते. पाखराला जे कळतं ते बाईला कळू नये?"

सगळ्या माना मावशीकडे वळल्या. माझा हात तिच्या हातात होता. त्याच पोथीत लांडगाही होता, पण बेर्कोसमोर लांडग्याचं पान आजवर कधी निघालं नव्हतं.

लोक पांगायच्या आत मावशी बाबांपुढं जाऊन उभी राहिली. "बाबा, विधवेचं दुसरं लग्न आपल्या धर्मात चालतं. प्रायश्चित्त सांगा, उपास सांगा, सगळं करते. पण लग्न लावून द्या."

"चालतं गं पोरी, पण शोभत नाही."

"कुणाला शोभत नाही?"

बेर्को खेकसला, "जीभ आवर! बाबांशी बोलतेस तू."

"मामंजी, तुम्ही गप्प बसा. तुमचा नांगर अडलाय, धर्म नाही."

मग तिनं ते बोलून दाखवलं, जे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आमच्या पाद्र्याला आयुष्यात बायको एकच. ती मेली की त्यानं मरेपर्यंत एकट्यानं राहायचं, दुसरी करायची नाही. बाबांची बायको तापानं गेली होती आणि ते अजून जेवताना समोर तिचा वाडगा मांडत.

"बाबा, तुमच्या पायातली बेडी मी घातलेली नाही," मावशी म्हणाली. "मग ती माझ्या पायात का घालता?"

बाबांचा चेहरा पांढरा फटक पडला. मग म्हणाले, "जा. माझ्या हातून हे लग्न लागणार नाही."

त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या गावचा पाद्री लग्न लावीना. ग्राद्को म्हणाला, पळून जाऊ. मावशी म्हणाली, आपल्या पोरांना गाव बिनलग्नाची म्हणेल. तो दोन वर्षं थांबला, मग त्याच्या आईनं दुसरी मुलगी आणली. मी त्याला दोष देत नाही. खरं सांगू? देते, थोडा देते.

पुढं देवळाच्या भिंती रंगवायला चितारी आला, तेव्हा बाबांनी बायकांच्या बाजूला, बरोबर मावशीच्या उभं राहायच्या जागेसमोर, वाळक्या फांदीवरची होल्याची मादी काढवून घेतली. आता नव्या सुनांना नमुना म्हणून मावशी दाखवायला बोटसुद्धा उचलावं लागेना. "बघ, भिंतीवरची ती बघ, आणि ही बघ," म्हाताऱ्या म्हणायच्या. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. मावशीनं ते वर्षानुवर्षं सोसलं.

आमच्याकडे डोळे आले की बायका भिंतीवरच्या संतांच्या डोळ्यांचा रंग खरवडतात आणि पाण्यात कालवून लावतात. त्यांना कुणी अडवत नाही. एका सणाला, देऊळ गच्च भरलेलं असताना, केस पिकलेल्या मावशीनं कमरेची सुरी काढली आणि ते पाखरू खरवडायला लागली. आधी डोळा, मग चोच, मग पंख, सगळं. खाली नुसती फांदी उरली.

"काय करतेस हे?" बाबा ओरडले. तेही आता काठी टेकत होते.

"डोळे दुखतात माझे, हिला बघून बघून." मावशीनं मुठीतली पूड त्यांच्यापुढं धरली. "घ्या, बाबा. तुमच्याही डोळ्यांना लागेल."

बाबांनी ओंजळ पुढं केली. ती पूड घेऊन ते तसेच उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर रडले.

तेव्हापासून गाव म्हणतं, बिचारे बाबा, त्यांचंही दुःख मोठं होतं. असेल ना! पण स्वतःचं दुःख मोठं म्हणून दुसऱ्याच्या अन्नात माती कालवायची? मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.

भिंतीवर फांदी अजून आहे. नव्या सुना विचारतात, इथलं पाखरू कुठं गेलं? म्हाताऱ्या हसून सांगतात, उडालं. साफ खोटं! कुणी उडालं नाही. माझी मावशी बेर्कोच्या घरात, बेर्कोच्याच चुलीपुढं मेली.