काडतुसातला रवा

श्यामकांत देवधरांचा उजवा हात कोट अडकवायच्या खुंटीपर्यंत जाईनासा झाला, तेव्हा ते कोट डाव्या हाताने अडकवू लागले. कुणी विचारलेच तर "सवय!" म्हणून हसत.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटला मोटारींचे इंजिनीअर म्हणून त्यांची बावीस वर्षे झाली होती. कारखान्यात ते 'हेर देवधर', म्हणजे श्रीयुत देवधर. गावाबाहेरच्या नेमबाजी मंडळात मात्र नुसते 'श्याम'. दर शनिवारी तिथे ते बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूवर चालणारी, मोठ्या नळीची रायफल चालवत. पस्तीस ग्रॅम शिशाची गोळी. बार उडाला की दस्ता घोड्यासारखा खांद्यावर लाथ मारी. डॉक्टरांनी बजावले होते, असेच धक्के बसले तर रायफल कायमची सोडावी लागेल. आणि मंडळांचा सामना होता २३ सप्टेंबर २००६ ला, सहा आठवड्यांवर.

एका सकाळी पत्नीला, चारुलताबाईंना, त्यांचा जांभळा पडलेला खांदा दिसला.

"अहो, नेम समोर धरता की स्वतःवर?"

"जड गोळी सरळ जाते, चारू. हलकी वाऱ्याने भरकटते."

"शंभर मीटरांत कुठलं आलंय वादळ?"

हिशेब देवधरांनाही येत होता. पण मंडळातल्या पहिल्या वर्षी कुणीसे म्हणाले होते, "ही जड गोळी तुला झेपायची नाही." तेव्हापासून जडच.

शेवटी त्यांनी मंडळातल्या बहात्तर वर्षांच्या आलोइसला विचारले, हलकी गोळी चालेल का. म्हातारा खो खो हसला.

"मी सहा वर्षं तेवीस ग्रॅमचीच मारतोय! तू कधी विचारलंस? दारूही कमी घे. पण काडतुसात पोकळी नको, वर बारीक रवा भर."

"रवा?"

"गेनाऊ! अगदी तोच. बायकोकडे माग."

घरी चारुलताबाईंनी डबा काढला. "शिरा करताय?"

"काडतुसं."

"देवा! मग भाजलेला देऊ की कच्चा?"

पहिल्या दिवशी हलक्या गोळ्या खाली लागल्या. रायफल आता तेवढी उसळतच नव्हती. देवधरांनी नेम धरायची मागची पट्टी दोन खुणा वर घेतली. सामन्यात मंडळ तिसरे आले. देवधरांचे नाव कुणी पुकारले नाही, पण त्यांचे तेराही बार काळ्या वर्तुळात होते.

घरी येऊन त्यांनी कोट उजव्या हातात घेतला. हात हळूहळू, कुरकुरत वर गेला आणि खुंटीला लागला.

चारुलताबाईंनी ते पाहिले. सामानाच्या यादीत त्यांनी लिहिले: 'रवा, दोन पाकिटे. एक घरात खायला.'